जात्यावर बसल्यावर : ओवी, आठवण आणि मेंदूविज्ञान

‘जात्यावर बसलं की ओवी सुचते’ ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. काम हाती घेतलं की मार्ग सापडतो, असा तिचा अर्थ शाळेत सांगितला जातो. गेली तीन वर्षं मी मात्र ही म्हण अगदी शब्दशः वाचतो आहे. जातं समोर असेल, हात खुंट्यावर असेल, तर ओवी येते. नसेल तर येत नाही. ज्या बायांनी ही म्हण घडवली त्यांनी आपल्याच आठवणीचं काम कसं चालतं हे पाहिलं होतं आणि पाच शब्दांत नोंदवून ठेवलं होतं. मेंदूविज्ञानाला असंच काही म्हणायला विसावं शतक उजाडावं लागलं.

कला आणि मेंदूविज्ञान यांच्याविषयी हल्ली बरंच लिहिलं जातं. त्यातला बहुतेक मजकूर दोन प्रकारचा असतो. एक, गाणं ऐकवा, चित्र काढायला द्या, विसराळूपणा कमी होईल. म्हणजे कला हे औषध. दोन, आपल्या पूर्वजांना हे सारं ठाऊकच होतं. म्हणजे कला हे प्रशस्तिपत्रक. मला दोन्ही पटत नाहीत. कला ही स्मृतीविषयीच्या निरीक्षणांची जुनी वही आहे आणि शास्त्रज्ञांनी ती वहीसारखीच, म्हणजे शंका घेत वाचावी, असं माझं म्हणणं आहे. त्यासाठी मी तीन गोष्टी तपासणार आहे : वेदपाठ्यांवर झालेला एक अभ्यास, ‘अस्तु’ हा मराठी चित्रपट आणि जात्यावरच्या ओव्यांचा पुण्यातला मोठा संग्रह.

मी मेंदूविज्ञानाचा पदवीधर नाही, हे आधीच सांगतो. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी सत्तावीस वर्षं गेली. रीडिंग घ्यायचं, वहीत लिहायचं, आकडा मनासारखा आला नाही तरी खोडायचा नाही, एवढं शास्त्र मी हातानं शिकलो. बाकीचं वाचन रात्रपाळीत आणि वाचनालयात झालं. या विषयाकडे मी वळलो तो आईमुळे. ती मूळची मुरबाड तालुक्यातली, शाळेत कधी न गेलेली, आता बदलापूरला माझ्याकडे असते. तीन वर्षांपूर्वी तिला अल्झायमरचं निदान झालं.

दवाखान्यातले प्रश्न

निदानासाठी आम्ही उल्हासनगरच्या एका दवाखान्यात गेलो होतो. दार अर्धवट उघडं होतं, त्यामुळे आमच्या आधीच्या रुग्णाला विचारलेले प्रश्न बाकावर ऐकू येत होते. एक सिंधी आजोबा आत होते. ‘आपण कुठल्या गावात आहोत?’ असं विचारल्यावर ते ठामपणे म्हणाले, ‘कल्याण कॅम्प.’ तपासणाऱ्या मुलीनं प्रश्न पुन्हा विचारला, उत्तर तेच आलं, आणि तिनं बहुधा शून्य लिहिलं.

उत्तर चुकीचं होतं का? दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराच्या छावण्या उभ्या राहिल्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींत वसवलं गेलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीचं उल्हासनगर असं नामकरण झालं. त्याआधी ती कल्याण कॅम्पच होती, आणि आजही इथला पत्ता कॅम्प नंबर एक ते पाच असाच सांगितला जातो. आजोबा लहानपणी ज्या गावात उतरले त्याचं नाव त्यांनी बरोबर सांगितलं होतं. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्युल रिबो यानं १८८१ मध्येच नोंदवलं होतं की स्मृती ढासळताना नवं आधी जातं, जुनं मागे राहतं. आजोबांचं उत्तर या नियमाचा वस्तुपाठ होतं. पण तपासणीच्या कागदावर बरोबर आणि चूक एवढेच दोन रकाने होते.

मग आईची पाळी आली. आज तारीख काय, एक वाक्य लिहा, एकमेकांत अडकलेले हे दोन पंचकोन काढून दाखवा. आईनं पेन्सिल लाटण्यासारखी मुठीत धरली आणि माझ्याकडे पाहिलं. जगभर वापरली जाणारी ही छोटी चाचणी १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झाली. ती शाळा शिकलेल्या माणसांना डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. ही अडचण शास्त्रज्ञांना माहीत नाही असं नाही. हरयाणातल्या बल्लभगढ इथल्या अभ्यासासाठी लिहिता-वाचता न येणाऱ्या ग्रामीण वृद्धांना विचारता येतील असे प्रश्न हिंदीत तयार झाले आणि १९९५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. तरीही प्रश्न उरतोच. आईची आठवण ज्या रूपात साठलेली आहे त्या रूपात ती विचारायची कशी? इथे कलेचं काम सुरू होतं.

पाठांतर : चूक होऊ न देणारी कला

भारतीय स्मृतिकलेचा विषय निघाला की पहिल्यांदा नाव येतं ते वेदपाठाचं, आणि ते रास्तही आहे. घनपाठात शब्द सरळ म्हणत नाहीत. पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा, असा क्रम असतो. प्रत्येक शब्द शेजारच्या शब्दांशी पुढून-मागून इतक्या वेळा बांधला जातो की एक निसटला तर बाकीचे ओरडून सांगतात. प्रयोगशाळेत आम्ही एकच नमुना तीनदा तपासायचो, तसंच हे.

जेम्स हार्टझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २१ प्रशिक्षित पंडितांच्या मेंदूची चित्रं घेतली आणि तेवढ्याच इतर माणसांशी त्यांची तुलना केली. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पंडितांच्या मेंदूतले काही भाग अधिक भरलेले आढळले. त्यात स्मृतीशी जवळचा संबंध असलेल्या हिप्पोकॅम्पसचाही समावेश होता. लगेच ‘संस्कृतचा परिणाम’ असा डंका वाजू लागला.

अभ्यास मोलाचा आहे, पण त्याच्यावर लादलेला निष्कर्ष त्यातून निघत नाही. हे मेंदू पाठांतरामुळे तसे झाले, की तसे मेंदू असलेली मुलंच पाठशाळेत टिकली? एकदाच घेतलेल्या चित्रावरून हे ठरत नाही. लंडनच्या टॅक्सीचालकांवरचा एलेनॉर मॅग्वायर यांचा २००० सालचा प्रसिद्ध अभ्यासही असाच अर्धा होता. पुढे २०११ मध्ये त्यांनी शिकाऊ चालकांना आधी आणि नंतर असं दोनदा तपासलं, तेव्हा कुठे कारणाकडे बोट दाखवता आलं. शिवाय परिणाम झाला असेल तर तो संस्कृत भाषेचा, स्वरांचा, की वर्षानुवर्षं रोज काही तास काहीही अचूक पाठ करण्याचा? हे तिन्ही वेगळे करून पाहिल्याशिवाय भाषेला श्रेय देता येत नाही.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. वेदपाठ हा स्मृतीचा एकच नमुना आहे, आणि तो ‘साठवण’ या कल्पनेला सोयीचा आहे. जसं ठेवलं तसं काढलं. माणसं रोजच्या जगण्यात अशी आठवण ठेवत नाहीत.

‘अस्तु’ : विसरणाऱ्याचं काय उरतं?

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ मी चार वेळा पाहिला. दोनदा आईच्या निदानाआधी, दोनदा नंतर. संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक चक्रपाणि शास्त्री यांना अल्झायमर झाला आहे. मुलगी इरा त्यांना गाडीत बसवून थोडा वेळ बाजूला जाते, तेवढ्यात रस्त्यावरून जाणाऱ्या हत्तीच्या मागे ते चालू लागतात आणि हरवतात. शास्त्रींचं काम करणारे मोहन आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत. माहुताच्या बायकोच्या, चन्नम्माच्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना आणि संवादांसाठी सुमित्रा भावे यांना ६१व्या राष्ट्रीय पुरस्कारांत गौरवण्यात आलं.

शास्त्रज्ञाच्या दृष्टीनं या चित्रपटात काय आहे? एक म्हणजे आठवणीचे थर. शास्त्रींना लेकीची ओळख पटत नाही, पण संस्कृत वचनं जिभेवर येतात. आपण ‘स्मरणशक्ती गेली’ असं सरसकट म्हणतो; चित्रपट दाखवतो की स्मरणशक्ती नावाची एकच गोष्ट नसते. प्रयोगशाळेत हेच ब्रेंडा मिल्नर यांनी दाखवलं होतं. १९५३ मधल्या मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर हेन्री मोलेसन यांना नव्या घटना लक्षात राहीनात. त्यांना आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. दर दिवशी त्यांचा हात सुधारत गेला, पण आपण हे आधी केलं आहे हे त्यांना दर दिवशी नव्यानंच सांगावं लागलं. हाताची आठवण वेगळी आणि घटनेची आठवण वेगळी, ही समज एका रेखाटनातून आली.

‘अस्तु’मधली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. चन्नम्मा कानडी बोलते. शास्त्री कोण, कुठले, हे तिला माहीत नाही. ती त्यांना प्रश्न विचारून तपासत नाही, मुलासारखं सांभाळते, आणि ते तिला आई मानू लागतात. आठवणीची परीक्षा थांबली की माणूस शांत होतो, हे निरीक्षण कुठल्याही चाचणीत बसणारं नाही. पण चाचणी घेणाऱ्यानं लक्षात ठेवावं असं आहे. भीतीनं किती गुण कमी झाले आणि आजारानं किती, हे आमच्या कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

चित्रपटाबद्दल माझ्या दोन तक्रारीही आहेत. चन्नम्मा फारच निर्मळ आहे. गरीब बाई म्हणजे अखंड माया, हा सुशिक्षितांचा जुना दिलासा आहे. आजारी माणसाला रात्रंदिवस सांभाळणाऱ्याची चीड आणि थकवा चित्रपटानं इराच्या वाट्याला दिला, चन्नम्माच्या नाही. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. शास्त्रींचं सगळं गेल्यावर उरतं ते संस्कृत, म्हणजे विद्या. ज्यांनी विद्या कधी मिळवलीच नाही त्यांचं काय उरतं? चित्रपट पाहून बाहेर पडताना माझ्या मनात हा प्रश्न आला होता. उत्तर आमच्या बाल्कनीत, कुंडीखाली पडलेलं होतं.

ओवी : बदलत टिकणारी कला

गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी १९८०च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या खेड्यांत जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हा संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा आहे. संगणक आणि संगीत या दोन्हींचे जाणकार बर्नार्ड बेल यांनी त्याची सूची संगणकावर बांधायला आणि बायांचे आवाज ध्वनिमुद्रित करायला मदत केली. ओव्यांची मांडणी विषयांनुसार केलेली आहे : माहेर, भाऊ, लेक, सीता, पंढरी, बाजार, आंबेडकर. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संकेतस्थळावर त्या टप्प्याटप्प्यानं येत आहेत. समाजशास्त्रज्ञांनी आणि स्त्रीवादी अभ्यासकांनी हा संग्रह वाचला. स्मृतीच्या अभ्यासकांनी तो वाचावा, असा माझा आग्रह आहे.

कारण ओवी घनपाठाच्या नेमकी उलट आहे. तिथे शब्द हलू द्यायचा नाही; इथे शब्द हलल्याशिवाय ओवी आपली होत नाही. एका गावची ओवी लग्न होऊन दुसऱ्या गावी जाते. गावाचं नाव बदलतं, नदी बदलते, भावाचं नाव बदलतं. चाल, मात्रा आणि यमकाची जागा राहते. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२च्या आपल्या ग्रंथात असंच काही दाखवलं होतं. त्यांनी विद्यार्थ्यांना अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक कथा वाचायला दिली आणि काही काळानं पुन्हा सांगायला लावली. प्रत्येकानं अनोळखी तपशील गाळले, ओळखीचे घातले. आठवणं म्हणजे कपाटातून काढणं नसून दर वेळी नव्यानं बांधणं आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. बार्टलेट यांच्याकडे मूठभर माणसं होती. इथे गावोगावच्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या हाच प्रयोग केलेला आहे आणि त्याची नोंद शिल्लक आहे. एकाच ओवीची निरनिराळ्या गावांतली रूपं शेजारी ठेवली तर काय टिकतं आणि काय गळतं, हे मोजता येईल. मिल्मन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड यांनी युगोस्लाव्हियातल्या गायकांच्या मदतीनं मौखिक महाकाव्याची घडण उलगडली होती. आपल्याकडे त्याहून साधं आणि रोजच्या वापरातलं साहित्य आहे.

यात एक सावधगिरी हवी. ओवी बदलली म्हणजे बाई विसरली असं नाही. तिनं मुद्दाम बदललेली असू शकते. सासूवरची ओवी सासू समोर असताना वेगळी म्हटली जाते. विस्मरण आणि निर्मिती यांतला फरक आकड्यांतून दिसणार नाही. तो गाणाऱ्या बाईलाच विचारावा लागेल. म्हणून या कामात मेंदूच्या अभ्यासकाइतकीच लोकसाहित्याच्या अभ्यासकाची गरज आहे.

हात फिरला की

आमचं जातं मुरबाडहून आईबरोबर आलं होतं. वरच्या तळीवर तुळशीची कुंडी होती. निदानानंतरच्या पावसाळ्यात मी आईला खुर्चीत बसवून म्हटलं, ‘आई, एखादी ओवी सांग ना.’ तिनं दोन सुरू केल्या, दोन्ही अर्ध्यात सोडल्या आणि चिडली. काही दिवसांनी मी जातं धुऊन खोलीत आणलं, खुंटा ठोकला आणि काही न बोलता वाटीभर ज्वारी शेजारी ठेवली. आई खाली बसली, मुठीनं वैरण घातली आणि तिनं जातं ओढलं. तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला आवाज लागला. त्या सकाळी ओव्या मला लिहून घेता येईनात एवढ्या आल्या.

सवयीप्रमाणे मी वही केली. जातं असताना, नसताना, मी नुसती चाल गुणगुणल्यावर, ती रिकामं जातं फिरवत असताना. नुसत्या प्रश्नाला जवळजवळ काहीच येत नसे. चालीला थोडं येई. फिरणाऱ्या हाताला सर्वांत जास्त येई. हा पुरावा नाही, हे मला कळतं. माणूस एकच, तोही माझी आई, मोजणारा मुलगा, सकाळची वेळ, प्रसन्न मन, यांतलं काहीही कारण असू शकतं.

तरी दुवे आहेत. १९७५ मध्ये गॉडन आणि बॅडली यांनी पाणबुड्यांना काही शब्द पाण्याखाली आणि काही किनाऱ्यावर पाठ करायला दिले. जिथे शिकले तिथेच ते जास्त आठवले. हा प्रयोग पाठ्यपुस्तकांत गेला, पण २०२१ मध्ये तो पुन्हा केला गेला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे नुसत्या ‘जागे’वर भार टाकून चालणार नाही. जातं ही नुसती जागा नाही. हाताचा फेरा हाच ओवीचा ताल आहे, तो गाण्याच्या आतच आहे. २०१५ मध्ये जर्मनीत याकोबसेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ओळखीची गाणी ऐकताना मेंदूचे जे भाग कामाला लागतात, त्यांतले काही अल्झायमरमध्ये तुलनेनं कमी झिजतात. त्यांतला एक भाग हालचालींचा क्रम आखण्याशी संबंधित आहे. तो अभ्यास ऐकलेल्या गाण्यांचा होता. हातानं ओढलेल्या गाण्याचं काय, हा प्रश्न ओवी विचारते. तो विचारण्यासाठी महागडी यंत्रंही सुरुवातीला नकोत. खेड्यातल्या वीस-पंचवीस वृद्ध बाया, त्यांची तयारी, एक जातं आणि प्रामाणिक वही पुरे.

श्रावणात मी आईला अंबरनाथच्या शिवमंदिरात नेतो. शके ९८२ म्हणजे इ.स. १०६०चा लेख असलेलं ते देऊळ. गाभारा खाली आहे, वीसेक पायऱ्या उतराव्या लागतात. घरचा मजला विसरणारी आई तिथे पहिल्या पायरीलाच उजवा हात भिंतीकडे नेते. मी काही सांगायच्या आत.

ओवीतलं नाव

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगतो. गेल्या हिवाळ्यात जात्यावर आईनं लेकीची एक ओवी म्हटली आणि लेकीच्या नावाच्या जागी एक नाव घातलं. ते आमच्या घरातलं कुणाचंच नाव नाही. मला बहीण नाही. दुसऱ्या दिवशी तेच नाव पुन्हा आलं, तिसऱ्या दिवशीही. विचारलं तर आई नुसती पाहत राहिली.

माझ्याआधी कुणी होती का? मुरबाडला मावशी आहे, तिच्याकडे गेलो. पहिल्यांदा ती म्हणाली, ‘ओवीतली नावं काय रे, कुणाचीबी असत्यात.’ ते खरंच आहे. ती जागा नावासाठी रिकामीच असते आणि मात्रांत बसेल ते नाव तिथे येतं. महिन्याभरानं पुन्हा गेलो तेव्हा चहा ओतता ओतता तीच म्हणाली, ‘तुझ्या आईनं कुणाला सांगितलं नव्हतं.’ पुढे विचारलं तर पहिलंच उत्तर आलं.

कलेकडून पुरावा मागणाऱ्या प्रत्येकाला इथे थांबावं लागेल. ओवीनं आठवण जपली, की ओवीच्या साच्यानं एक नाव घडवलं? बार्टलेट म्हणतील, बांधलं गेलं. लॉर्ड म्हणतील, साच्याची गरज. दोघंही बरोबर असतील आणि तरी ती मुलगी होऊन गेलेली असेल. मेंदूचं चित्र मला हे सांगू शकणार नाही. पण ओवी नसती तर हा प्रश्नच माझ्यापर्यंत आला नसता. दवाखान्यातल्या तीस गुणांच्या कागदावर त्याला जागा नव्हती. कला विज्ञानाला उत्तरं देते असं मी म्हणत नाही. कुठे शोधायचं, काय वापरून विचारायचं आणि कुठल्या उत्तरावर चटकन विश्वास ठेवायचा नाही, हे ती सांगते. माझ्या मते हे पुष्कळ आहे.

वेळ मात्र थोडा आहे. पिठाची गिरणी आल्यावर जातं बाजूला पडलं. ज्यांच्या हाताला तो फेरा ठाऊक आहे त्या बाया आता सत्तरी-ऐंशीत आहेत. कॅम्पातल्या सिंधी आज्यांच्या लग्नातल्या लाड्यांचंही तेच. आपल्या घरात कुणी असेल तर वाचकांनी प्रश्न विचारू नयेत. जातं असेल तर ते समोर ठेवावं, नसेल तर सूप द्यावं, पाळणा द्यावा, आणि वही उघडून बाजूला बसावं.

आमच्याकडे तुळशीची कुंडी आता बाल्कनीत जमिनीवर आहे. ते नाव मी वहीत तारखेसकट लिहून ठेवलं आहे. समोरचा रकाना मोकळा सोडला आहे.